डोळ्यातले फूल

शाळाप्रवेशाच्या दिवसांत आमच्या कार्यालयात दरवर्षी तेच दृश्य दिसते. आई मुलाला पुढे करते, मूल तिच्या मागे लपते आणि मी टेबलावरची गोळ्यांची बरणी उघडते. यंदा आलेली एक मुलगी मात्र लपली नाही. ती सरळ टेबलापाशी आली, गोळी घेतली आणि मान डावीकडे वळवून उजव्या डोळ्याने मला न्याहाळू लागली. तिच्या डाव्या बुबुळावर मधोमध एक पांढरट ठिपका होता. अर्जातल्या 'आरोग्यविषयक माहिती' या रकान्यात वडिलांनी लिहिले होते, 'डाव्या डोळ्यात फूल आहे. जन्मापासून.'

"डॉक्टरांनी काय नाव सांगितले?" मी विचारले.

"नाव कसले बाई? फूलच ते," आई म्हणाली. "तान्ही असताना एकदा दाखवले होते. मोठी झाली की बघू म्हणाले. मग राहूनच गेले."

त्या माउलीला मी काही बोलू शकले नाही. कारण पंचवीसेक वर्षांपूर्वी अशाच एका घराला 'थांबा, घाई करू नका' असे सांगणाऱ्यांत मी स्वतः होते. ती गोष्ट मी आपल्या या पत्रिकेत आजवर कधी लिहिली नाही. यंदा लिहिते आहे. आपल्या पालकांपैकी कित्येकांच्या घरी पाळणा हलतो आहे. त्यांतल्या एकाच्या जरी उपयोगी पडली तरी लिहिल्याचे सार्थक होईल.

लग्न होऊन मी पेडण्यात आले. माझे सगळे शिक्षण इंदूरला, तेही हिंदी माध्यमातून. घरात मराठी आणि शाळा-कॉलेजात हिंदी असा प्रकार. इथे शिकवू लागल्यावर वाड्यावरचे लोक 'शिकलेल्या बाई' म्हणून काहीबाही विचारायला येत. अर्ज कसा लिहावा, मुलाला कुठल्या कॉलेजात घालावे, इथपासून ते औषधपाण्यापर्यंत. 'मला ठाऊक नाही' असे म्हणण्याचे धैर्य तेव्हा माझ्यापाशी नव्हते.

१९९८ सालची चवथ. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी आम्ही आरतीला गेलो होतो. त्याची धाकटी बहीण तेव्हा चार महिन्यांची होती. तिचे डोळे असे टपोरे, की येणारी प्रत्येक बाई आधी देवाला हात जोडी आणि मग तिच्याकडे वळे. "चेडवाचे दोळे पळय गे!" असे सगळ्यांच्या तोंडी. मीही म्हटले, की एवढे सुंदर डोळे मी पाहिले नाहीत. आजीने लगेच मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. आरती सुरू झाली, माटोळीभोवतीचे दिवे लागले, तशी त्या बाळाने डोळे घट्ट मिटून घेतले आणि तोंड आईच्या खांद्यात खुपसले. गालावर पाण्याची धार. "लाजते गो," कोणीतरी म्हणाले आणि आम्ही सगळ्या हसलो. चार महिन्यांचे बाळ लाजत नसते, एवढेही कोणाला सुचले नाही.

डोळ्यांतून पाणी येते म्हणून घरच्यांनी एका डॉक्टरांना आधीच दाखवले होते. अश्रूंची नळी बंद असेल, नाकाच्या कडेला हळूहळू चोळा, वर्षभरात उघडेल, असे त्यांनी सांगितले होते. पुष्कळ बाळांच्या बाबतीत हे खरेही असते, म्हणून कोणाला शंका आली नाही. दिवाळीच्या सुमारास मात्र बुबुळावर निळसर धुके दिसू लागले. ओळखीच्या कोणीतरी 'काचबिंदू तर नसेल?' असे म्हटले आणि मुलीचे वडील शाळेत माझ्याकडे आले. "बाई, काचबिंदू म्हणजे काय हो?"

आता माझ्या अज्ञानाची गोष्ट. हिंदीत मोतीबिंदूला 'मोतिया' म्हणतात आणि काचबिंदूला 'काला मोतिया'. मला वाटले, दोन्ही एकाच जातीचे, एक पांढरा आणि एक काळा. इंदूरला माझ्या आजीचा मोतिया पिकायची आम्ही दोन वर्षे वाट पाहिली होती. मी त्यांना तेच सांगितले. "मोतियाचाच प्रकार आहे तो. पिकला की काढतात. एवढ्याशा जिवाला आत्ता भूल द्यायची घाई कशाला?" त्यांना हायसे वाटले. सगळ्यांनाच असे उत्तर हवे असते.

खरे असे, की या दोन रोगांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. मोठ्या माणसाचे ते काही काळ थांबून काढले तरी सहसा बिघडत नाही. काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढतो आणि डोळ्यामागची नस सुकत जाते. त्यातून जी नजर गेली, ती कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. आणि बाळाच्या डोळ्यांच्या बाबतीत थांबायला वेळ नसतो, मग तो मोतीबिंदू असो की काचबिंदू.

शिगम्यानंतर ती मंडळी म्हापसा-पणजी करत कदंबा बसने बांबोळीला पोहोचली. तिथल्या डॉक्टरांनी दोन गोष्टी विचारल्या. उजेडात बाळ डोळे मिटून घेते का? आणि कधीपासून? आईला चवथीचे दिवे आठवले. मग त्यांनी मोजपट्टीने बुबुळाची रुंदी मोजली. जन्मलेल्या बाळाचे बुबुळ साधारण साडेनऊ ते साडेदहा मिलिमीटर रुंद असते. पहिल्या वर्षात ते बारा मिलिमीटरच्या पुढे गेले तर काचबिंदूची शंका घेतलीच पाहिजे. या मुलीचे तेराच्याही पुढे गेले होते. पुढे भूल देऊन डोळ्यांची तपासणी झाली, दाब मोजला गेला आणि राज्याबाहेरच्या एका मोठ्या नेत्ररुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. उजवा डोळा कामापुरता वाचला. डाव्या डोळ्याला आज फक्त उजेड आणि अंधार एवढेच कळते.

ती मुलगी पुढे आमच्याच शाळेत शिकली. पहिल्या बाकावर बसून, जाड भिंगांचा चष्मा लावून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. तिच्या वडिलांनी मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर कदाचित मला बरे वाटले असते. जे टपोरे डोळे आम्ही वाखाणले, ते वाढलेल्या दाबाने ताणले जाऊन मोठे झाले होते. लहान मुलाच्या डोळ्याचे कवच मऊ असते, म्हणून आत दाब वाढला की सगळा डोळाच फुगत जातो. आम्ही दृष्ट काढत होतो आणि बाळ आपल्या परीने सांगत होते, की दुखते आहे.

त्यानंतर मी भेटेल त्या डॉक्टरांना विचारत, मिळेल ते वाचत या विषयाची थोडी माहिती करून घेतली. मी शिक्षिका आहे, डॉक्टर नव्हे. तरीही मुलांना विज्ञान समजावून सांगतो तसे सांगण्याचा प्रयत्न करते.

बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक भाग असतो, त्याला पुस्तकात पारपटल म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नसतात आणि पाण्याचे प्रमाण अगदी ठरावीक असते. पाणी वाढले की काच धुरकट झालीच. म्हणून पारपटलाच्या सर्वांत आतल्या थरातल्या पेशी रात्रंदिवस पाणी बाहेर काढत असतात. होडीत शिरलेले पाणी नावाडी करवंटीने उपसत राहतो, तसेच हे काम. आता होडीत पाणी का साचले, याची कारणे वेगवेगळी असू शकतात. होडीला चीर पडली असेल, बाहेरून लाटांचा मारा वाढला असेल, किंवा उपसणाराच अशक्त असेल. वरून पाहणाऱ्याला तिन्ही वेळा पाणीच दिसते. काचबिंदूत दाबाचा मारा वाढतो आणि आतल्या पातळ पडद्याला चिरा पडतात. अडलेल्या बाळंतपणात चिमटा लावून बाळ बाहेर काढले, तर त्या दाबानेही पडदा चिरू शकतो. तसे बहुधा एकाच डोळ्यात होते. आणि काही बाळांत पाणी उपसणाऱ्या पेशीच जन्मतः दुबळ्या असतात.

या तिसऱ्या प्रकाराची ओळख मला डिचोली तालुक्यात झाली. माझी एक जुनी विद्यार्थिनी मये गावाच्या बाजूला दिली आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत तिला मुलगा झाला. पंधरा दिवसांनी रात्री नऊ वाजता तिचा फोन आला. आवाज दबलेला, बहुधा घरातल्यांपासून लपून बोलत होती. "बाई, बाळाच्या दोन्ही डोळ्यांवर धुके दिसते. सगळी म्हणतात, माझ्यामुळे झाले."

झाले होते ते असे. २०२२ च्या दिवाळीत, २५ ऑक्टोबरला सूर्यग्रहण लागले होते. तिला तेव्हा पाचवा महिना. घरात पाहुणे असल्यामुळे त्या संध्याकाळी तिने विळीवर भाजी चिरली होती. आता घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना कारण सापडले होते. 'नीट पाळले नाहीस, म्हणून बाळाच्या डोळ्यांना ग्रहण लागले.' पंधरा दिवसांची बाळंतीण दिवसभर हेच ऐकत होती आणि रात्री बाळाच्या डोळ्यांकडे बघत रडत होती.

या वेळी मी 'थांबा' म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी करून आम्ही निघालो. तिची सासूबाई गाडीत बसायला तयार नव्हत्या. मी त्यांना म्हटले, "वहिनी, तुम्हीही चला. डॉक्टर काय सांगतात ते तुमच्याच कानांनी ऐका." त्या आल्या हे फार बरे झाले.

रोगाचे निदान कसे करतात हे मी त्या दिवशी आणि पुढच्या काही आठवड्यांत जवळून पाहिले. डॉक्टरांनी आधी बराच वेळ नुसते प्रश्न विचारले. धुके जन्मल्या दिवसापासून की नंतर आले? एका डोळ्यात की दोन्ही? पाणी येते का, पू येतो का, उजेड सोसतो का? बाळंतपण कसे झाले? गरोदरपणात ताप येऊन अंगावर पुरळ आले होते का? घराण्यात कोणाला असे होते का? आणि शेवटी, नवरा-बायको नात्यातली आहेत का?

शेवटच्या प्रश्नाला मुलगी म्हणाली, "मामाच्या घरीच दिली आहे मला." डॉक्टरांनी मान हलवली आणि तसे लिहून घेतले.

मग तपासणी. बाळाच्या डोळ्यांतून पाणी येत नव्हते. उजेडाला ते घाबरत नव्हते. बुबुळाची रुंदी वयाला साजेशी होती. दोन्ही डोळ्यांवरचे धुके अगदी सारखे, घासलेल्या काचेसारखे, कडेपर्यंत पसरलेले. डोळ्यात हिरवट रंगाचा थेंब घालून पाहिले, जखम नव्हती. धुक्यामुळे आतले दिसत नाही, म्हणून सोनोग्राफी करून भिंग आणि मागचा पडदा ठीक असल्याची खात्री केली. पुढे भूल देऊन पारपटलाची जाडी मोजली, ती नेहमीच्या दुपटीहून अधिक भरली. दाब थोडा जास्त दिसला, पण डॉक्टरांनी लगेच काचबिंदू म्हटले नाही. पडदा सुजून जाड झाला असेल तर यंत्र दाब खरा दाखवत नाही, असे त्यांनी समजावले. म्हणून दाब पुन्हा पुन्हा पाहिला. आईवडिलांचेही डोळे तपासले. बालरोगतज्ज्ञांनी हृदय, मूत्रपिंडे, कान सगळे तपासले. शेवटी रक्ताची जनुकीय तपासणी झाली आणि निदान पक्के झाले.

हा आजार पारपटलाच्या त्या आतल्या थराचा आणि आनुवंशिक आहे. दक्षिण भारतात तो इतर भागांपेक्षा अधिक आढळतो. त्याला कारण ठरणारे जनुक २००६ साली सापडले. त्याचे नाव एसएलसी४ए११. या जनुकाच्या दोन प्रती आपल्या प्रत्येकात असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एक प्रत सदोष असली तरी दुसरी काम भागवते, त्यामुळे माणूस सहसा निरोगीच राहतो आणि आपल्यात दोष आहे हे त्याला कळतही नाही. पण दोघांच्याही सदोष प्रती बाळात एकत्र आल्या, तर उपसणाऱ्या पेशी दुबळ्या राहतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारांत एक असते. मामेभावाशी किंवा आतेभावाशी लग्न झाले, की दोघांत एकच सदोष प्रत एकाच आजोबांकडून उतरलेली असण्याचा संभव वाढतो. आपल्याकडे मामाच्या घरी मुलगी देणे हे मानाचे समजतात. मी कोणाच्या नात्यांवर टीका करत नाही. पण लग्न ठरवताना दोन्ही बाजूंच्या घरांत जन्मतः अधू मूल होते का, हे मोकळेपणाने बोलायला काय हरकत आहे?

डॉक्टरांनी हे सगळे कागदावर चित्र काढून दाखवले. ग्रहणाचा प्रश्न सासूबाईंनी स्वतःच विचारला. डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, "आजी, बाळाच्या डोळ्यांची मुख्य घडण पहिल्या तीन महिन्यांतच होते. ग्रहण लागले तेव्हा पाचवा महिना होता. आणि हा दोष आईकडून अर्धा आला आहे, तर अर्धा तुमच्या मुलाकडून." परतीच्या वाटेवर डिचोली येईपर्यंत सासूबाई गप्प होत्या. मग त्यांनी सुनेच्या मांडीवरून बाळ उचलून आपल्या मांडीवर घेतले. निदान म्हणजे केवळ औषधाची चिठ्ठी नव्हे, हे मला तेव्हा कळले. ज्या घरात रोगाचे नाव माहीत नसते, त्या घरात आईलाच दोष दिला जातो.

त्या बाळाच्या दोन्ही डोळ्यांवर पुढे निरनिराळ्या वेळी पारपटल-रोपणाच्या शस्त्रक्रिया झाल्या. कोणा अनोळखी माणसांच्या नातेवाईकांनी मरणाच्या दुःखातही होकार दिला, म्हणून त्या होऊ शकल्या. लहान बाळांत रोपण टिकवणे कठीण असते. थेंब, चष्मा, वरचेवर तपासणी, हे सगळे अजून चालू आहे. या आजारात काही मुलांचे ऐकणे पुढे कमी होत जाते, म्हणून दरवर्षी कानही तपासायला सांगितले आहेत. पण तो मुलगा आज अंगणात धावतो आणि जमिनीवर पडलेला कुरमुरा वेचून तोंडात घालतो. आई ओरडते, आणि ओरडताना हसते.

म्हणजे पाहा, पेडण्यातल्या बाळाच्या डोळ्यात धुके होते आणि डिचोलीतल्या बाळाच्याही. लोकांच्या लेखी दोन्ही 'फूल'च. पण एकाला दाब उतरवण्याची शस्त्रक्रिया हवी होती, तीही ताबडतोब. दुसऱ्याला पारपटल बदलावे लागले. याखेरीज आणखीही कारणे असतात. पांढरा भाग मधोमध असून कड स्वच्छ असेल आणि आतला रंगीत पडदा त्याला चिकटला असेल, तर तो जन्मतःच डोळ्याच्या घडणीत राहिलेला दोष असू शकतो. अल्बर्ट पीटर्स या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १९०६ साली त्याचे वर्णन केले, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. कधी डोळ्याचा पांढरा भागच सीमा सोडून बुबुळावर पसरलेला असतो. कधी बुबुळाच्या कडेला मांसाची छोटी गाठ असते, तिच्यावर केसही असतात. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत पू येऊन डोळा सुजला, तर तो जंतुसंसर्ग असतो आणि तिथे तासांचा हिशेब करावा लागतो. काही आजारांत शरीरातली द्रव्ये पेशींत साचत जातात. अशा बाळाचे डोळे जन्मतः स्वच्छ असतात आणि काही महिन्यांनी धुरकट होऊ लागतात. तिथे लघवीची आणि रक्ताची तपासणी उत्तर देते.

आईला गरोदरपणी झालेला रुबेला हेही एक कारण आहे. नॉर्मन ग्रेग या ऑस्ट्रेलियातल्या नेत्रतज्ज्ञाने १९४१ साली हा संबंध प्रथम दाखवून दिला. रुबेलाने बाळाला बहुधा मोतीबिंदू होतो, पण काचबिंदू आणि पारपटलाचे धुकेही होऊ शकते, शिवाय बहिरेपण आणि हृदयाचे दोष. २०१७ च्या फेब्रुवारीत देशात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली, तेव्हा पहिल्याच टप्प्यात गोवा होता. शाळाशाळांतून लस दिली गेली. आपल्यापैकी काही पालक तेव्हा संमती द्यायला कचरले होते. 'आमच्या मुलाला काही झालेले नाही, मग सुई कशाला?' असे विचारत होते. आज वर्गात बसलेल्या मुलीला दिलेली लस उद्या तिच्या बाळाचे डोळे राखते, हे मी त्या वेळी अधिक नीट सांगायला हवे होते.

एवढी घाई कशासाठी, असे कोणी विचारील. डोळा फक्त चित्र घेतो. पाहायला शिकतो तो मेंदू. ते शिक्षण जन्मापासून सुरू होते आणि पहिले काही महिने त्याचे मुख्य दिवस असतात. त्या काळात डोळ्यापुढे धुकेच असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडे लक्ष द्यायचे सोडून देतो. मग दहाव्या वर्षी काच कितीही स्वच्छ केली, तरी धडा शिकायची वेळ निघून गेलेली असते. एकाच डोळ्यात दोष असेल तर हे अधिक लवकर घडते आणि घरच्यांना कळतही नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने मूल सगळे व्यवहार करते.

जन्मजात काचबिंदू तसा विरळा. आंध्र प्रदेशात झालेल्या एका पाहणीत सुमारे ३,३०० जन्मांमागे एक असे प्रमाण आढळले होते. पाश्चात्त्य देशांत ते याहून बरेच कमी मानतात. १९८७ साली स्थापन झालेल्या हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत अशा हजारो बाळांवर उपचार झाले. तिथले डॉ. अनिलकुमार मंडल यांना २००३ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला, तो याच क्षेत्रातल्या कामामुळे. म्हणजे उपचार आपल्या देशात आहेत. अडचण असते ती बाळ तिथवर वेळेत पोहोचण्याची.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी होते. ती फार उपयोगी आहे. परंतु जन्मतः असलेला डोळ्याचा दोष पहिलीत सापडणे म्हणजे पाच-सहा वर्षे उशिरा सापडणे. आमचा फळा त्या कामी फार उशिरा येतो. म्हणून माझी विनंती शाळेत येणाऱ्या मुलांच्या पालकांना जितकी आहे, तितकीच घरी पाळण्यात असलेल्या त्यांच्या धाकट्या भावंडांसाठीही आहे.

गोव्यात जवळजवळ सगळी बाळंतपणे इस्पितळात होतात आणि दीड महिन्याच्या लशीला प्रत्येक आई बाळाला घेऊन जातेच. तुयेला जा, साखळीला जा, डिचोलीला जा, कुठेही. त्या दिवशी लस झाल्यावर एवढेच विचारा, 'डॉक्टर, बाळाचे डोळेही जरा बघता का?' त्याआधी काही शंका आली तर लशीची वाट पाहू नका. बाळ खिडकीच्या उजेडात असताना दोन्ही बुबुळे सारखी काळीभोर आणि चमकदार दिसतात का ते पाहा. एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा, किंवा दोन्ही डोळे वाजवीपेक्षा मोठे वाटतात का? उजेडात बाळ डोळे मिटून घेते आणि सतत पाणी येते का? यातले काही दिसले, तर नेत्रतज्ज्ञाला त्याच आठवड्यात दाखवा. बाळाच्या डोळ्यात काजळ, मध, एरंडेल, आईचे दूध यांपैकी काहीही घालू नका. 'मोठे झाले की बघू' असे कोणी म्हटले, तर 'रोगाचे नाव काय?' असे विचारा. नाव सांगितल्याशिवाय थांबायला सांगणारा सल्ला मानू नका, मग तो डॉक्टरांचा असो, शेजारणीचा असो की शाळेतल्या बाईंचा.

यंदा आलेल्या त्या मुलीला आम्ही तपासणीसाठी पाठवले. तिचा दोष त्या पीटर्स यांनी वर्णन केलेल्या प्रकारचा निघाला. हृदय आणि मूत्रपिंडे तपासली, ती उत्तम आहेत. डाव्या डोळ्यात आता फारशी सुधारणा होणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. पण उजवा डोळा एकुलता एक म्हणून जपायचा आहे. त्यासाठी न फुटणाऱ्या भिंगांचा चष्मा दिला आहे, वर्षातून दोनदा तपासणी सांगितली आहे. वर्गात तिला आम्ही डाव्या हाताच्या रांगेत बसवले आहे, म्हणजे फळा आणि मैत्रिणी तिच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला येतात. चष्म्यावरून किंवा डोळ्यावरून तिला कोणी चिडवले, तर तो सगळ्या वर्गाचा दोष मानला जाईल, हेही मुलांना सांगून ठेवले आहे.

अहवाल घेऊन आई पुन्हा कार्यालयात आली होती. "तान्ही असतानाच आलो असतो तर, बाई?" तिने विचारले. मी तिला खोटे सांगितले नाही. काही अधिक करता आले असते, असे म्हटले. मग आम्ही दोघींनी मिळून तिचा प्रवेशअर्ज बाहेर काढला, 'फूल' हा शब्द खोडला आणि त्या जागी आजाराचे पूर्ण नाव लिहिले.